मोठे टायर लावलेल्या पिकअपसाठी क्राऊन-पिनियनचा रेशो कसा निवडावा

नागपूरहून सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याकडे निघालं की सिल्लेवानीच्या घाटापर्यंत रस्ता सरळसोट आहे. तिथवर मोठ्या टायरची पिकअप छानच वाटते. खड्डे जाणवत नाहीत, गाडी उंच दिसते, शेताच्या धुऱ्यावरून खालचा भाग घासत नाही. घाट लागला की खरं काय ते कळतं. मागे संत्र्याची कलमं भरलेली, चौथ्या गिअरमध्ये गाडी दम टाकायला लागली, तिसरा टाकला तर इंजिन ओरडतंय, आणि वळणावर मागून ट्रकचा हॉर्न. त्या दिवशी मी जवळपास अख्खा घाट दुसऱ्या-तिसऱ्यात चढलो आणि वर पोचलो तेव्हा क्लचचा जळका वास येत होता.

परतल्यावर ओळखीच्या मेकॅनिकला म्हटलं, "भाऊ, गाडी ओढूनच नाही राहिली." त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. टायरकडे बघितलं आणि म्हणाला, "ओढन कशी? चाक मोठं केलं, गिअर तेच ठेवले." इंजिन, टर्बो, डिझेल फिल्टर यांच्यावर पैसे घालण्याआधी हे एक वाक्य प्रत्येक पिकअपवाल्याने ऐकायला हवं. काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या काळ्या मातीत गाडी घालायची म्हणून टायर मोठे करणारे आपल्याकडे बरेच आहेत. त्यातले फार थोडे मागच्या हौसिंगमधल्या, म्हणजे एक्सलच्या मधल्या गोल डब्यातल्या, दात्यांचा विचार करतात.

आधी गोंधळ दूर करू

गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या टोकाला पिनियन असतो. तो क्राऊनला फिरवतो आणि क्राऊन चाकांना. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागलं की रेशो मिळतो. ४१ भागिले १० म्हणजे ४.१०, ४१ भागिले ९ म्हणजे ४.५६. शाफ्टच्या ४.१० फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते.

बोलताना लोक "लो गिअर टाकले" म्हणतात आणि आकडा मात्र वाढलेला असतो. दुकानात नेमका इथेच घोळ होतो. आकडा जितका मोठा, तितकी ओढ जास्त आणि त्याच वेगाला इंजिनचे फेरे जास्त. म्हणून सुटा भाग मागवताना "लो" किंवा "हाय" म्हणूच नका. दात्यांचे दोन्ही आकडे सांगा.

मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर कापतो, म्हणजे सगळेच गिअर एकदम लांब होतात. माझ्या गाडीला मुळात २४५/७० आर १६ टायर होते आणि मी २६५/७५ आर १६ लावले. रेशो कागदावर ४.१० राहिला, पण चाकापाशी मिळणारी ओढ ३.८२ च्या गाडीसारखी झाली. शिवाय मोठा टायर जड असतो आणि वजन चाकाच्या कडेला असल्यामुळे ते फिरवायला आणि थांबवायलाही जास्त जोर लागतो. हे दुसरं नुकसान कोणत्याच गणितात दिसत नाही, पायाखाली मात्र जाणवतं.

पायरी पहिली: गाडीत आत्ता कोणता रेशो आहे

काही गाड्यांच्या हौसिंगच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर आकडा असतो. जुन्या गाडीत पट्टी गेलेली असते किंवा मधेच कोणीतरी दुसरं हौसिंग बसवलेलं असतं. म्हणून स्वतः मोजलेलं बरं.

सपाट जागी गाडी लावा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि लगेच एक्सलखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीही जाऊ नका. गिअर न्यूट्रल, फोर बाय फोर असेल तर टू-व्हीलवर, आणि हॅंडब्रेक सोडलेला. आता प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा, टायरवर खाली मध्यभागी दुसरी. एकाने उचललेलं चाक बरोबर दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचं, दुसऱ्याने शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. शाफ्ट चार फेऱ्या पूर्ण करून जेमतेम पुढे गेला तर रेशो ४.१० च्या आसपास आहे. साडेचार फेऱ्यांच्या किंचित पुढे थांबला तर ४.५६.

दोन फेऱ्या का? साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेत, एक चाक जमिनीवर अडलेलं असलं की दुसरं चाक दोनदा फिरतं तेव्हा क्राऊन एकदाच फिरतो. गाडीत लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ) असेल तर ही पद्धत चालत नाही. मग दोन्ही मागची चाकं स्टँडवर घेऊन एकच फेरी फिरवा.

अशाने अंदाज येतो. पक्का आकडा हौसिंग उघडून दाते मोजल्यावरच मिळतो. बहुतेक क्राऊनच्या कडेवर दात्यांचे आकडे कोरलेले असतात.

पायरी दुसरी: टायर खरंच किती मोठा आहे

टायरवरच्या आकड्यांतून व्यास काढता येतो. रुंदीला उंचीच्या टक्केवारीने गुणायचं, त्याची दुप्पट करायची आणि त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवायचे. २४५/७० आर १६ चे ७४९ मिमी होतात, २६५/७५ आर १६ चे ८०४ मिमी. वाढ साधारण ७ टक्के.

पण भरलेल्या गाडीखाली टायर दबतो, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचा एकाच आकाराचा टायर तंतोतंत सारखा नसतो. म्हणून मी वाडीजवळच्या एका मोकळ्या गोदामाच्या फरशीवर मोजमाप केलं. हवा नेहमीइतकी, मागे नेहमीइतकं वजन. टायरच्या कडेला खडूची उभी रेघ, तिच्या बरोबर खाली फरशीवर दुसरी. मुलगा चाकाशेजारी चालत फेऱ्या मोजत होता आणि मी गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू पुढे घेत होतो. बरोबर दहाव्या फेरीला त्याने हात वर केला. टेप लावला तर २४ मीटर ५० सेंटिमीटर. जुन्या टायरचे दहा फेरे त्याच फरशीवर २२ मीटर ८५ सेंटिमीटर भरले होते.

जुने टायर विकण्याआधी हे माप घेऊन ठेवा, नंतर घेता येत नाही. आणि ही पायरी गाळू नका, पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

पायरी तिसरी: हिशेब

नव्या मापाला जुन्या मापाने भागा. २४.५० भागिले २२.८५ म्हणजे १.०७२. जुन्या रेशोला याने गुणा: ४.१० गुणिले १.०७२ म्हणजे जवळपास ४.४०. कंपनीने गाडीला जी ओढ दिली होती, तीच परत मिळवायची तर मला ४.४० लागतो.

आता दुसरा हिशेब. माझ्या मते निर्णय याच्यावर घ्यावा: टॉप गिअरमध्ये, आपल्या नेहमीच्या वेगाला इंजिनचे मिनिटाला फेरे किती? वेगाला १००० ने गुणून ६० ने भागा म्हणजे मिनिटाला किती मीटर ते मिळतं. त्याला टायरच्या एका फेरीच्या मीटरने भागा, मग टॉप गिअरच्या रेशोने आणि शेवटी एक्सलच्या रेशोने गुणा. टॉप गिअरचा रेशो गाडीच्या माहितीपत्रकात असतो. उदाहरणासाठी ०.८० धरू.

जुने टायर आणि ४.१० असताना ८० च्या वेगाला इंजिन १९१४ फेरे घेत होतं. मोठे टायर लावल्यावर तेच १७८५ वर आलं. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण आजच्या टर्बो डिझेल इंजिनाचा खरा जोर साधारण १५०० ते १८०० फेऱ्यांच्या पुढे सुरू होतो. १७८५ म्हणजे आपण त्या उंबरठ्यावर उभे आहोत. जरा चढ आला, समोरून वारा आला, की फेरे खाली घसरतात आणि गिअर पाडावा लागतो.

पायरी चौथी: कोणता रेशो घ्यायचा

४.४० बाजारात मागून मिळत नाही. दाते पूर्ण संख्येतच असतात, आणि प्रत्येक एक्सलसाठी ठरावीक जोड्याच बनतात. माझ्यासमोर तीन आकडे होते. ४३ भागिले १० म्हणजे ४.३० घेतला तर ८० ला १८७२ फेरे, १०० ला २३४०. ४.५६ घेतला तर १९८३ आणि २४७९. ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८ घेतला तर २१२२ आणि २६५३.

इथे आपली गाडी वर्षभर काय करते हे प्रामाणिकपणे मांडायचं. ज्याची गाडी रिकामी किंवा हलकी असते आणि जो समृद्धी महामार्गाने किंवा वर्धा रोडने लांब पल्ला मारतो, त्याला ४.३० पुरेल. डिझेल वाचेल, आवाज कमी राहील. तसंही मालवाहू गाडीला द्रुतगती मार्गावरसुद्धा ताशी ८० ची मर्यादा आहे, तेव्हा १२० च्या वेगाला फेरे किती होतील याची चिंता पिकअपवाल्याने करायचं कारण नाही.

माझी गाडी हंगामात नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचे कॅरेट नेते, पावसाळ्यात चिकट काळ्या मातीतून निघते आणि महिन्यातून दोनदा घाट चढते. म्हणून मी गणिताच्या आकड्याच्या एक पायरी पुढचा, म्हणजे ४.५६ घेतला. टायरचं वाढलेलं वजन गणितात येत नाही, ते भरून काढायला ही जास्तीची ओढ उपयोगी पडते. लो रेंजमध्ये (फोर बाय फोरमधल्या जास्त ओढीच्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये) चिखलातून मुंगीच्या चालीने निघायलाही फरक पडतो. माझ्या गाडीचा पहिला गिअर ४.० आणि लो रेंज २.५ धरली तर मुळात ४१ पट ओढ होती. मोठ्या टायरने ती ३८ वर आली होती, ४.५६ ने ४२ च्या पुढे गेली.

मग ४.८८ का नाही? पिनियनचे दाते कमी झाले की त्याचं डोकं लहान होतं आणि एकाच वेळी एकमेकांत अडकलेल्या दात्यांची पकड कमी होते. म्हणजे जोडी नाजूक होते. जड मालाच्या गाडीत उगाच खूप पुढचा रेशो घेणं मला पटत नाही. टायर १० टक्क्यांहून जास्त मोठे असतील तर त्याचा विचार करावा.

आणि टायरची वाढ ४-५ टक्क्यांच्या आत असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: हौसिंग उघडू नका. एक गिअर खाली चालवायची सवय करा, पैसे वाचवा.

पायरी पाचवी: खरेदीच्या आधी तपासायचं ते

फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. दात्यांच्या हिशेबामुळे पुढे ४.०९ आणि मागे ४.१० असा नगण्य फरक चालतो. पण मागे ४.५६ आणि पुढे ४.१० ठेवून फोर व्हील लावलं तर दोन्ही एक्सल एकमेकांविरुद्ध ओढतात आणि ट्रान्स्फर केसपासून (दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या डब्यापासून) शाफ्टच्या जॉइंटपर्यंत काहीतरी तुटतं. म्हणून आधी पुढच्या एक्सलची जोडी मिळते का ते बघा. ती मिळत नसेल तर मागची घेऊच नका. खर्चही दोन एक्सलचा धरा.

दुसरं, क्राऊन ज्या कॅरिअरवर बसतो तो नव्या रेशोला चालतो का? काही एक्सलमध्ये रेशो एका टप्प्यापलीकडे गेला की कॅरिअर बदलावा लागतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या डाना ४४ या एक्सलमध्ये हा टप्पा ३.७३ आणि ३.९२ यांच्यामध्ये आहे. आपल्या हौसिंगबद्दल दुकानदाराला आधीच विचारा.

तिसरं, क्राऊन आणि पिनियन ही जुळवलेली जोडी असते. दोन्हींवर एकच क्रमांक कोरलेला हवा. भंगारातून एकीकडचा क्राऊन आणि दुसरीकडचा पिनियन आणून बसवणारे भेटतील, तिथे थांबू नका. जोडीबरोबर पिनियनची आणि कॅरिअरची नवीन बेअरिंग, सील, क्रश स्लीव्ह (पिनियनचा नट आवळताना दबणारी नळी), शिमचा, म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांचा, संच आणि क्राऊनचे नवीन बोल्ट घ्या.

आणि कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हीच भूमिका कायम केली. कलम १८२ अ मध्ये प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचा आकारही लिहिलेला असतो. तेव्हा गाडी एमएच ३१ असो, ४० असो की ४९, टायर बदलण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. अपघातानंतर दावा अडकला तर कुटुंब अडचणीत येतं.

पायरी सहावी: बसवणं

या कामात मी एकदा पोळलो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पहिल्यांदा जिथे काम करून घेतलं, तिथे जुनी क्रश स्लीव्ह आणि जुनी बेअरिंग तशीच वापरली. "चालते साहेब," म्हणाले. उमरेडच्या पलीकडे जाईपर्यंत ६० च्या पुढे मागून गुणगुण सुरू झाली. अॅक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की सूर बदलायचा. हौसिंग उघडलं तेव्हा पिनियन हाताने हलत होता आणि दात्यांच्या वरच्या कडा चमकत होत्या. नवी जोडी वाया गेली.

काम करणाऱ्याकडे डायल गेज (बारीक मोकळीक मोजणारं काट्याचं यंत्र) आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. नसेल तर दुसरीकडे जा. क्राऊन आणि पिनियनच्या दात्यांमधली मोकळीक साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी असते. आपल्या एक्सलचा नेमका आकडा त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. एवढी बारीक मोकळीक अंगठ्याने हलवून कळत नाही.

पिनियनच्या बेअरिंगवरचा ताणही मोजूनच द्यायचा. जुने जाणते कारागीर फ्लँजवर (पिनियनच्या टोकाच्या चकतीवर) दोरी गुंडाळून स्प्रिंग बॅलन्सने ओढतात आणि किती वजनावर पिनियन फिरतो ते बघतात. साधी पद्धत आहे, पण बरोबर उत्तर देते. नट एकदा जास्त आवळला गेला तर तो सैल करून चालत नाही. क्रश स्लीव्ह दबलेली असते, ती नवीनच घालावी लागते.

मग येतो दात्यांवरचा ठसा. क्राऊनच्या पाचसहा दात्यांना रंगाची पेस्ट लावतात, क्राऊनला किंचित अडवत पिनियन फिरवतात आणि रंग कुठे पुसला गेला ते बघतात. हे बघायला तुम्ही स्वतः हजर राहा, वाकून बॅटरीच्या उजेडात बघा. ठसा दात्याच्या उंचीच्या मध्यावर, लंबगोल आणि कडांपासून दूर हवा. तो दात्याच्या माथ्याकडे गेला असेल तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे, शिम वाढवून त्याला जवळ आणावं लागतं. मुळाशी उतरला असेल तर पिनियन जास्त आत घुसलाय. ठसा बरोबर यायला दोन-तीनदा सगळं उघडून बसवावं लागतं. कारागीर चिडत असेल तर चहा पाजा, पण हे काम पूर्ण करून घ्या. मोबाइलवर ठशाचा फोटो काढून ठेवा.

ऑइल जीएल-५ दर्जाचं, ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल ती. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक घसरत फिरू न देणारं) असेल तर त्यासाठीचं वेगळं मिश्रण लागतं.

पायरी सातवी: पहिले ८०० किलोमीटर

नव्या दात्यांना एकमेकांत बसायला वेळ लागतो आणि त्या काळात ते भरपूर तापतात. पहिल्यांदा २५-३० किलोमीटर, मध्यम वेगाने, रिकाम्या गाडीने जा. थांबा, अर्धा-पाऊण तास हौसिंग पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. आपल्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो, तेव्हा हे काम पहाटे पाचलाच उरका. मी तेवढ्याच अंतरावर जायचो, गाडी झाडाखाली लावून चहा घ्यायचो आणि परत यायचो. ८०० किलोमीटरपर्यंत जड माल नाही, ट्रॉली ओढणं नाही, घाट नाही.

मग ऑइल बदला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर दिसेल, ती नव्या दात्यांची झीज आहे, काळजी नको. बोटांत टोचणारे कण किंवा चकचकीत तुकडे निघाले तर गाडी पुढे चालवू नका.

स्पीडोमीटर आणि ब्रेक

नुसते टायर वाढवले होते तेव्हा काटा ८० दाखवायचा आणि गाडी खरी ८६ ने धावत असायची. किलोमीटरही कमी पडायचे, म्हणजे मायलेज जितकं घटलेलं दिसतं तितकं खरंच घटलेलं नसतं. स्पीड गव्हर्नर असलेल्या गाडीत तोही चुकीच्या वेगाला आवरतो.

वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असेल, तर नवा रेशो टाकल्यावर काटा आपोआप जवळपास जागेवर येतो. माझ्या ४.५६ ने तो आता ३-४ टक्के जास्त दाखवतो, ते मला मान्य आहे. पण वेग चाकावरच्या एबीएस सेन्सरवरून घेतला जात असेल, तर क्राऊन-पिनियन बदलून काट्यात काहीच फरक पडत नाही. ती चूक फक्त टायरची आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये टायरचा घेर भरूनच सुधारते. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा.

ब्रेकबद्दल मात्र मनात ठेवा: रेशो बदलल्याने गाडी ओढायला लागते, थांबायचं अंतर कमी होत नाही. मोठ्या चाकाला थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. उतारावर नव्या रेशोमुळे इंजिन ब्रेकिंग चांगलं मिळतं, त्याचा वापर करा. शू, पॅड आणि ड्रम मात्र आधीपेक्षा लवकर तपासा.

हौसिंगच्या कव्हरवर पांढऱ्या रंगाने ४१/९ लिहून ठेवा, आणि जोडीचा क्रमांक, ऑइलची ग्रेड आणि बसवल्याची तारीख गाडीच्या कागदांच्या पाकिटात. पाच वर्षांनी सील गळेल तेव्हा गाडी कोणत्याही गावात उभी असू शकते, आणि तिथल्या मेकॅनिकला आत कंपनीचाच ४.१० आहे असं वाटायला नको.